‘प्रयत्ने वाळूचे’ आणि विसरलेली चौथी ओळ: भर्तृहरीची सुभाषितं कशी वाचावीत

‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलहि गळे.’ ही ओळ शाळेच्या भिंतीवर असते, निरोप समारंभाच्या भाषणात असते, दहावीच्या मुलांना दिलेल्या शुभेच्छांत असते. अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे: जिद्द धरली तर अशक्यही शक्य होतं. पण ज्या श्लोकातून ही ओळ उचलली, तो श्लोक जिद्दीबद्दल नाहीच. पूर्ण श्लोक असा आहे:

प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलहि गळे ।
तृषार्ताची तृष्णा मृगजळ पिऊनीहि वितळे ॥
सशाचेही लाभे विपिन फिरता शृंगहि जरी ।
परंतु मूर्खाचे हृदय धरवेना क्षणभरी ॥

वाळूतून तेल निघेल, मृगजळ पिऊन तहान भागेल, रानात फिरताना सशाचं शिंगही सापडेल. पण मूर्खाचं मन वळवणं जमणार नाही. म्हणजे पहिल्या तीन ओळी चौथीसाठी रचलेल्या आहेत. तीन अशक्य गोष्टी एकावर एक ठेवायच्या आणि मग म्हणायचं की या तिन्हींपेक्षा अवघड असं एक काम आहे. पहिली ओळ सुटी काढली की श्लोकाचा अर्थ उलटा होतो. प्रयत्नाने काय होऊ शकत नाही हे सांगणारा श्लोक आपण प्रयत्नाची थोरवी सांगायला वापरतो.

मराठी श्लोक वामन पंडितांचा, सतराव्या शतकातला. ‘सुश्लोक वामनाचा’ म्हणून ज्यांची ख्याती आहे तेच हे. मूळ संस्कृत श्लोक भर्तृहरीच्या नीतिशतकातला. माणसाचं जगणं, प्रेम आणि वेडेपणा या तिन्हींवर इतक्या थोड्या शब्दांत इतकं नेमकं बोलणारा दुसरा कवी मला तरी माहीत नाही. त्याचे श्लोक आपल्या बोलण्यात सुट्या तुकड्यांनी येतात आणि अनेकदा चुकीच्या जागी बसतात. ते कसे बांधलेले आहेत हे एकदा कळलं की वाचण्यातली मजा कितीतरी वाढते. म्हणून हा खटाटोप.

भर्तृहरीच्या नावावर तीन शतकं आहेत: नीतिशतक, शृंगारशतक आणि वैराग्यशतक. प्रत्येकात शंभरच्या आसपास श्लोक. नीतिशतकात व्यवहार, विद्या, पैसा, सज्जन-दुर्जन. शृंगारशतकात प्रेम आणि देहाची ओढ. वैराग्यशतकात म्हातारपण, हाव, राजदरबारचा कंटाळा आणि सगळं सोडून जाण्याची इच्छा. तिन्हींत सलग कथा नाही. प्रत्येक श्लोक आपल्यापुरता पूर्ण असतो. मागचा-पुढचा न वाचता तो कळला पाहिजे, ही अटच आहे. म्हणून कवीला चार चरणांतच प्रसंग उभा करायचा असतो, अपेक्षा निर्माण करायची असते आणि ती मोडायचीही असते.

ही मोडण्याची जागा बहुतेक वेळा चौथा चरण. नीतिशतकातला हा श्लोक पाहा:

साहित्यसङ्गीतकलाविहीनः साक्षात्पशुः पुच्छविषाणहीनः ।
तृणं न खादन्नपि जीवमानस्तद्भागधेयं परमं पशूनाम् ॥

ज्याला साहित्य, संगीत, कला यांचा गंध नाही तो शेपूट आणि शिंगं नसलेला पशूच. इथवरचा भाग आपण हजार वेळा ऐकला आहे आणि वक्तेही इथेच थांबतात. पण इथवर ही नुसती शिवी आहे. खरी गंमत पुढच्या ओळीत आहे: हा पशू गवत न खाता जगतो, हे बाकीच्या जनावरांचं परमभाग्य. त्यानेही गवत खाल्लं असतं तर बिचाऱ्या गुरांना काय उरलं असतं? माणसाची निंदा करता करता कवी एकदम गुरांच्या बाजूने विचार करू लागतो आणि अरसिक माणूस पशूच्याही खालच्या पायरीवर जातो.

दुसरा एक प्रकार म्हणजे आधी एखादी बारीकशी घटना सांगायची आणि शेवटी तिच्यावरून सगळ्यांना लागू पडणारं एक वाक्य काढायचं. अलंकारशास्त्रात याला अर्थांतरन्यास म्हणतात. नाव जड आहे, पण आपण रोज तेच करतो: शेजारच्या घरातली हकीकत सांगून होते आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय!’ भर्तृहरीचं उदाहरण टकल्या माणसाचं आहे. डोक्यावर उन्हाचा चटका बसतो म्हणून तो सावली शोधत ताडाच्या झाडाखाली जातो, आणि वरून मोठं फळ पडून त्याचं डोकं फुटतं. मूळ शब्द आहेत ‘भग्नं सशब्दं शिरः’. सशब्दं, म्हणजे आवाज होऊन! श्लोकातला सगळा खट्याळपणा या एका शब्दात आहे. तो काढून टाका, श्लोक नुसता दुःखद होईल. मग चौथा चरण: ‘प्रायो गच्छति यत्र भाग्यरहितस्तत्रैव यान्त्यापदः’, कमनशिबी जिथे जातो तिथेच बहुधा संकटंही पोचतात. काही हस्तलिखितांत ताडाऐवजी बेलाचं झाड आहे. नकलून घेणाऱ्याने आपल्या ओळखीचं झाड घातलं असेल. डोकं मात्र दोन्हीकडे फुटतं.

याच रचनेमुळे चौथे चरण सुटून म्हणी बनले. ‘सर्वे गुणाः काञ्चनमाश्रयन्ति’ ही ओळ ज्यांनी कधी संस्कृत वाचलं नाही त्यांच्याही तोंडी आहे. आधीच्या तीन चरणांत एक यादी आहे: ज्याच्याजवळ पैसा तो कुलीन, तो पंडित, तो बहुश्रुत, तोच वक्ता आणि दिसायलाही तोच देखणा. यादी वाचताना एकेक दावा आधीच्यापेक्षा जास्त हास्यास्पद होत जातो. पैशाने कुळाचा मान मिळतो हे कुणीही मान्य करील, पण पैशाने चेहराही देखणा होतो? लग्नाच्या बैठकीत बसलेल्या कुणालाही याचं उत्तर ठाऊक आहे.

आता मूर्खपणाकडे येऊ. या विषयावर नीतिशतकाच्या सुरुवातीलाच एक अख्खा गट आहे आणि तो भर्तृहरीच्या सगळ्या लेखनात मला सर्वांत धारदार वाटतो. त्याचं कारण तो मूर्खांना एका माळेत ओवत नाही.

अज्ञः सुखमाराध्यः सुखतरमाराध्यते विशेषज्ञः ।
ज्ञानलवदुर्विदग्धं ब्रह्मापि नरं न रञ्जयति ॥

ज्याला काही माहीत नाही त्याला समजावणं सोपं. ज्याला सखोल माहीत आहे त्याला समजावणं त्याहून सोपं. पण ज्ञानाचा एक कण मिळाल्यावर जो स्वतःला शहाणा समजू लागला, त्याचं समाधान ब्रह्मदेवालाही करता येत नाही. इथे क्रम कसा लावला आहे ते पाहण्यासारखं आहे. अडाणी, मग तज्ज्ञ, या दोन टोकांनंतर आपल्याला वाटतं की विषय संपला. तिसरा या दोघांच्या मधोमध उभा असतो आणि त्याच्यापुढे सृष्टी घडवणारा हात टेकतो.

म्हणूनच वाळूच्या श्लोकात मुळात नुसता ‘मूर्ख’ नाही, ‘प्रतिनिविष्टमूर्ख’ आहे: हट्टाला पेटलेला, आपलं मत आधीच पक्कं करून बसलेला. न कळणारा वेगळा आणि न कळून घ्यायचं ठरवलेला वेगळा. याच चौथ्या चरणाचा आणखी एक श्लोक नीतिशतकात आहे. मगरीच्या दाढेतला मणी ओढून काढता येईल, खवळलेला समुद्र पोहून जाता येईल, चिडलेला नाग फुलासारखा डोक्यावर माळता येईल, पण त्या हट्टी मूर्खाचं मन… वगैरे. पहिल्या श्लोकातली कामं अशक्य कोटीतली, दुसऱ्यातली जीवघेणी. दोन्ही वाटांनी कवी एकाच भिंतीवर येऊन आदळतो. हा अनुभव त्याने घेतलेला असणार असं वाचताना सारखं वाटतं.

वामन पंडितांच्याच शतकात समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात हीच विभागणी आपल्या पद्धतीने केली. पहिला समास मूर्खलक्षणांचा, दहावा पढतमूर्खाच्या लक्षणांचा. ‘आपलेन ज्ञातेपणें । सकळांस शब्द ठेवणें । प्राणीमात्राचें पाहे उणें । तो येक पढतमूर्ख ॥’ साधा मूर्ख आणि शिकलेला मूर्ख यांना वेगळी जागा देण्याची गरज दोघांनाही वाटली. फरक सांगण्याच्या रीतीत आहे. समर्थ एकेक लक्षण सांगून शिक्षकासारखे पुढे जातात. ऐकणाऱ्याने स्वतःला तपासून सुधारावं हा हेतू उघड आहे. भर्तृहरी सुधारायला सांगत नाही. तो फक्त दाखवतो, आणि कधी कधी स्वतःलाच दाखवतो:

यदा किञ्चिज्ज्ञोऽहं द्विप इव मदान्धः समभवं
तदा सर्वज्ञोऽस्मीत्यभवदवलिप्तं मम मनः ।
यदा किञ्चित्किञ्चिद्बुधजनसकाशादवगतं
तदा मूर्खोऽस्मीति ज्वर इव मदो मे व्यपगतः ॥

थोडंसं कळत होतं तेव्हा मी मस्तवाल हत्तीसारखा आंधळा झालो होतो, सगळं मलाच कळतं असं वाटत होतं. मग जाणत्यांच्या सहवासात थोडं थोडं खरंच कळू लागलं, तेव्हा ‘आपण मूर्ख आहोत’ हे उमगलं आणि तो माज ताप उतरावा तसा उतरला. ज्ञानलवदुर्विदग्धाची जी थट्टा आधी झाली, तिच्यात इथे ‘मी’ येऊन बसतो. माझ्या मते भर्तृहरीचं मोठेपण नेमकं इथे आहे. दुसऱ्याच्या मूर्खपणावर चुरचुरीत बोलणारे पुष्कळ असतात. त्याचे श्लोक सर्वांत खोल जातात ते जेव्हा ‘मी’ सुद्धा यादीत असतो तेव्हा.

प्रेमाच्या बाबतीत तर हे फारच ठळक दिसतं. त्याचा सर्वांत प्रसिद्ध श्लोक घ्या:

यां चिन्तयामि सततं मयि सा विरक्ता
साप्यन्यमिच्छति जनं स जनोऽन्यसक्तः ।
अस्मत्कृते च परितुष्यति काचिदन्या
धिक् तां च तं च मदनं च इमां च मां च ॥

मी जिचा सतत विचार करतो तिला माझ्याबद्दल काही वाटत नाही. तिला दुसराच कुणी हवा आहे. त्या दुसऱ्याचा जीव तिसरीवर. आणि माझ्यासाठी झुरणारी आणखी कुणी वेगळीच. शेवटी धिक्कारांची रांग लागते: तिचा, त्याचा, मदनाचा, हिचा आणि माझा! तीन चरणांत प्रेमाचा असा गुंता उभा राहतो की कुणाचाच हात कुणाच्या हातात नाही. चौथ्यात प्रत्येकासाठी एक-दोन अक्षरांचं सर्वनाम, मध्ये ‘च’, ‘च’ असा ठोका, फक्त मदनाला पूर्ण नाव. रागाच्या भरात माणूस बोटं मोजत सगळ्यांना शिव्या घालतो आणि अखेरचं बोट स्वतःवर येऊन थांबतं, तशी ही ओळ कानाला लागते. संस्कृत येत नसलं तरी ती मोठ्याने म्हणून पाहा.

या श्लोकाभोवती एक कथा वाढली. उज्जैनचा राजा भर्तृहरी. त्याला अमर करणारं एक फळ मिळतं. तो ते लाडक्या राणीला देतो, राणी आपल्या प्रियकराला, प्रियकर एका वेश्येला, आणि वेश्या ते राजालाच आणून देते. राजा सगळं ओळखतो, गादी धाकट्या भावाला, विक्रमाला, देऊन वनात निघून जातो. कथा सुरेख आहे, श्लोकातल्या प्रत्येक सर्वनामाला तिने माणूस मिळवून दिला. पण श्लोकात राजाही नाही, फळही नाही. महाराष्ट्रात भर्तरीनाथ नवनाथांपैकी एक मानले जातात आणि तिथली पिंगला राणी याच्या अगदी उलट आहे: नवरा गेल्याची खोटी बातमी ऐकून ती प्राण देते आणि राजा तिच्या शोकातून गोरखनाथांच्या मार्गाला लागतो. एका कथेत बेइमान बायकोमुळे वैराग्य, दुसरीत निष्ठावंत बायकोमुळे. दोन्हींचा नायक एकच. कवीच्या जीवनाबद्दल खात्रीने काही सांगता येत नाही, त्यामुळे लोकांनी श्लोकांतूनच त्याचं चरित्र विणलं. ‘वाक्यपदीय’ लिहिणारा थोर वैयाकरण भर्तृहरी हाच हा कवी का, यावरही एकमत नाही. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग त्या वैयाकरणाबद्दल लिहितो की तो सात वेळा भिक्षू झाला आणि सात वेळा संसारात परतला. शतकत्रयीशी हे फार जुळतं, म्हणूनच जपून राहावंसं वाटतं.

शृंगारशतकात निखळ गोड श्लोकही आहेत. ‘अदर्शने दर्शनमात्रकामाः’ हा त्यांतला एक. ती दिसत नाही तेव्हा वाटतं, नुसतं दर्शन झालं तरी पुरे. दिसली की मिठीची ओढ. आणि मिठीत आली की वाटतं, आता हे दोन देह कधी वेगळे होऊच नयेत. इच्छा पूर्ण होते आणि त्याच क्षणी मोठी होते. दुसऱ्या टोकाला एक भयंकर श्लोक आहे: हडकलेला, एका डोळ्याचा, लंगडा, बहिरा, जखमांत किडे पडलेला, गळ्यात फुटक्या मडक्याचा काठ अडकलेला कुत्रा कुत्रीच्या मागे निघाला आहे, ‘हतमपि च हन्त्येव मदनः’, मेलेल्यालाही मदन मारतोच. हसावं की डोळे मिटावेत कळत नाही.

याच शतकात स्त्रीला विष, सापळा, संशयाचा भोवरा म्हणणारे श्लोकही आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. ते मला फिके वाटतात आणि त्यांचा राग येतो. ते जुन्या काळचे आहेत म्हणून सोडून द्यावेत असं नाही. त्यांत ओढ वाटते पुरुषाला आणि दोष लागतो स्त्रीला. ‘धिक् मां च’ म्हणणारा कवी तिथे गैरहजर असतो, आणि तो नसला की चमक जाऊन नुसता कडवटपणा उरतो.

वैराग्यशतकात पुन्हा तो परततो.

भोगा न भुक्ता वयमेव भुक्ताः
तपो न तप्तं वयमेव तप्ताः ।
कालो न यातो वयमेव याताः
तृष्णा न जीर्णा वयमेव जीर्णाः ॥

इथे चौथ्या चरणापर्यंत थांबावं लागत नाही, प्रत्येक चरण स्वतःच उलटतो. भोग आम्ही भोगले नाहीत, भोगांनीच आम्हाला खाल्लं. काळ गेला नाही, आम्हीच गेलो. क्रियापद तेच, फक्त कोण कुणाला करतं ते बदललं. आणि दुसरा त्याहून छोटा: तोंडावर सुरकुत्या, डोकं पांढरं, अवयव सैल झालेले, ‘तृष्णैका तरुणायते’, एकटी हाव तेवढी तरुण होत चालली आहे.

मग प्रश्न येतो: एकच माणूस प्रेमाचं कौतुक करतो, त्याला शिव्याही घालतो, पैशाला हसतो आणि गरिबीचं दुःखही मांडतो, याचं खरं मत कोणतं? इथे वाचकाची गफलत होते. सुभाषित म्हणजे कायद्याचं कलम नव्हे. ते एका प्रसंगी, एका मनःस्थितीत खरं असतं. ‘सर्वे गुणाः काञ्चनमाश्रयन्ति’ म्हणणारा पैसा मिळवा असंही सांगत नाही आणि सोडा असंही नाही. जग कसं वागतं ते सांगतो. अपमान होऊन घरी आलेल्या माणसाला ते खरं वाटेल, पगारवाढ झाल्याच्या दिवशी नाही. म्हणून दोन परस्परविरोधी सुभाषितं एकाच पानावर सुखाने राहतात.

सुटं असण्याची दुसरी बाजू म्हणजे हे श्लोक कुणाच्याही नावावर जातात आणि कुणाचेही श्लोक भर्तृहरीच्या नावावर येतात. हा गुंता सोडवायला बसले ते गोव्यात जन्मलेले, पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी. देशभरातल्या पावणेचारशेच्या आसपास हस्तलिखितांचा ताळा घेऊन त्यांनी 1948 मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली. भर्तृहरीच्या नावावर एकूण आठशेहून अधिक श्लोक सापडले. त्यांतले दोनशेच जवळपास सर्व परंपरांत समान होते. तीन शतकं म्हणजे तीनशे श्लोक हा हिशेबही त्यामुळे डळमळीत झाला. विशेष म्हणजे कोसंबी या कवीचे भक्त नव्हते. 1941 च्या एका निबंधात त्यांनी त्याच्या वैराग्यावर कठोर टीका केली होती: हा पोटासाठी दरबारावर अवलंबून असलेल्या, गांजलेल्या शिक्षित वर्गाचा कवी आहे, त्याचा त्याग कागदावरचा आहे. टीका बरीचशी पटते. दरबारी उपेक्षेचा सल त्याच्या ओळीओळीत आहे. ‘बोद्धारो मत्सरग्रस्ताः’ या श्लोकात तो स्वतःच सांगतो की जाणते मत्सराने ग्रासलेले, धनी गर्वाने बिघडलेले, बाकीच्यांना कळत नाही, त्यामुळे सुभाषित माझ्या अंगातच जिरून गेलं.

ते जिरलं नाही, हे मात्र इतिहासाने दाखवलं. चेन्नईजवळच्या पुलिकत इथला डच धर्मोपदेशक अब्राहम रॉजर याने पद्मनाभ नावाच्या ब्राह्मणाकडून हे श्लोक समजून घेतले आणि 1651 मध्ये त्यांचा डच अनुवाद लायडनला छापून निघाला. युरोपीय भाषेत उतरलेलं हे पहिलं संस्कृत साहित्य मानतात. त्यात नीती आणि वैराग्य आहे. शृंगाराचे श्लोक सांगायला पद्मनाभ तयार झाला नाही.

स्वतः वाचायला सुरुवात करायची असेल तर नीतिशतकातल्या मूर्खांवरच्या श्लोकांपासून करा, कारण त्यांतलं संस्कृत सोपं आहे आणि वामन पंडितांची समश्लोकी, म्हणजे श्लोकाला श्लोक असा मराठी अनुवाद, शेजारी ठेवता येते. एका बैठकीत चार-पाचच्या वर वाचू नका. आणि ओळखीची एखादी ओळ भेटली, तर उरलेल्या तीन ओळी शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.